इथून उसव

दर तीन महिन्यांनी एक लिफाफा येतो.
म्हणजे ईमेलच, पण मी लिफाफाच म्हणते.
आत रंगीत खांब. एकशे बारा दवाखाने ओळीत उभे,
आमचा लाल, उजवीकडून चौथा.
खाली एकच वाक्य:
आपल्या कामगिरीचा आढावा घ्यावा.

ग्रिम्सबीच्या गोदीवरून मासळीचा वास खिडकीपर्यंत येतो.
मॉरीन कॉफी ठेवते. "वाईट आहे का?"
जुनं आहे, मी म्हणते. गेल्या हिवाळ्यातलं.
आणि आमचे पेशंट वेगळे गं,
बोटींवर कंबर मोडलेले, बर्फाच्या पेट्या उचलून
गुडघे झिजवलेले.
हे खरं आहे.
खरं आहे आणि सोयीचंही.

खांबाचे घोटे सुजत नाहीत.
खांब कधी दारात टोपी काढून उभा राहत नाही.
त्या ईमेलांसाठी मी एक फोल्डर केलंय,
त्याचं नाव 'नंतर'.
त्यात एकोणीस 'नंतर' साठले आहेत.

फेब्रुवारीत इफेओमा आली, नवी फार्मसिस्ट.
लॅपटॉप नाही. चार घड्या घातलेला कागद,
त्यावर पेन्सिलीने सात नावं.
"दुखण्याची गोळी, प्रेशरची गोळी, लघवीची गोळी,
या सातजणांना तिन्ही एकदम चालू आहेत.
किडन्या सोसणार नाहीत.
आधी कोणाला फोन करायचा ते तुम्ही सांगा.
तुम्ही ओळखता त्यांना."

तिसरं नाव नॉर्मन स्टब्ली.
दर डिसेंबरात वर्तमानपत्रात गुंडाळून
धुरावलेला हॅडॉक आणतो माझ्यासाठी.
मी तोंडभर आभार मानते आणि मॉरीनला देते;
नऊ वर्षं झाली, मी मासे खात नाही
हे त्याला सांगायचं राहिलंय.
त्याच्या तिन्ही गोळ्यांखाली सही माझी.

राग आला. खोटं कशाला बोलू?
कालची पोर, आणि मला.
ती काही बोलली नाही.
गार झालेली कॉफी पीत बसली,
जणू माझा राग हीसुद्धा
या कामाचीच एक पायरी.

इचलकरंजीत अप्पामामांच्या दुकानात
मी सुट्टीत ब्लाउजचे गळे शिवायचे.
मामा 'चुकलीस' म्हणत नसत.
'बरं आलंय' असंही क्वचितच.
कानामागचा खडू काढून
कापडावर दोन रेघा मारत:
इथून उसव. इथपर्यंत.
तेही त्याच संध्याकाळी,
गिऱ्हाईक यायच्या आत.

सातांपैकी चौघांची गोळी बदलली.
एक लिंकनला राहायला गेला होता.
एक बाई म्हणाल्या, माझं मी बघेन, आणि फोन ठेवला.
नॉर्मन सगळं ऐकून घेऊन म्हणाला, मग गुडघ्याचं काय?
माझ्याकडे उत्तर नव्हतं.
फिजिओची रांग चौदा आठवड्यांची.

गुरुवारी तोच कागद पुन्हा टेबलावर,
चार नावांवर पेन्सिलीची काट, लिंकनपुढे एक बाण,
आणि खाली, बारीक अक्षरात, दोन नवी नावं.

एप्रिलात लिफाफा आला.
खांब लाल, उजवीकडून चौथा.
हिवाळा अजून तिथे संपलेला नव्हता.
या वेळी मी उत्तर लिहिलं:
खांब नकोत, नावं पाठवा. लवकर पाठवा.
कोणी पाठवलं, तेही लिहा,
म्हणजे भांडता येईल, विचारता येईल.
क्षणात उलट टपाल:
या पत्त्यावर आलेली उत्तरं वाचली जात नाहीत.

मॉरीन इतकी हसली की कॉफी सांडली.

तेवढ्यात नॉर्मन, काठी टेकत.
घोटे उतरलेत, म्हणाला, ते बरं केलंत.
पण ही तुमची नवी गोळी गुडघ्याला कळतच नाही.
नेमकं कुठे दुखतं? मी विचारलं.
खरं तर हे मी आधीच विचारायला हवं होतं.
तो खुर्चीत टेकला, काठी उलटी धरली,
आणि तिच्या टोकाने पँटवर हळू रेघ ओढली:
इथून, म्हणाला. इथपर्यंत.