खर्जाची जागा

बारा इंची वूफर नुसता हातात धरून वाजवला
तर खर्ज येत नाही.
कोन पुढे सरकला की मागे पोकळी होते,
पुढची हवा कडेवरून वळून मागे धावते
आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात.
म्हणून पेटी.

पेटी तुर्भ्याच्या दस्तगीरने केली.
अठरा मिलिमीटर प्लाय, सांध्यांत दोनदा सरस.
'एवढ्यात कपाट झालं असतं, साहेब.'
आत जुन्या गादीचा कापूस,
पोर्टला ड्रेनेजचा चार इंची पाइप,
हिशेबाने साडेसात इंच. मी आठ कापला.
पाइप कमी करता येतो,
वाढवता येत नाही.

नेरूळ, सेक्टर दहा.
मधली भिंत पाडून स्वयंपाकघर हॉलात घेतलेलं,
सगळी मिळून अकरा बाय सोळा.
माझी खुर्ची बरोबर मध्यावर, टेप लावून.
आणि तिथे तबला होता, डग्गा गैरहजर.

मी आवाज वाढवायचो.
हेमांगी ओट्याच्या कोपऱ्यातून ओरडायची,
'मांडणीवरचे डबे चालायला लागलेत!'
अगं, अजून सुरूच कुठे झालंय?

सहा वर्षं.
वायर बदलली, अँप्लिफायर बदलला,
पेटी उघडून कापूस निम्मा केला.
तिच्या कानांवर शंका घेतली,
तीही पाहुण्यांसमोर.

गेल्या महिन्यात तिचं मनगट मोडलं.
लसूण माझ्याकडे आला.
ओट्याखाली, भिंतीला पाठ लावून, पाटावर बसलो,
टेप चालूच होती,
आणि ताटलीतली सालं
आपोआप हलू लागली.
मग डग्गा आला. नुसता ठोका नाही,
चामड्यावर तळवा दाबत नेतानाची घसटसुद्धा,
पोटात, पाटात, बरगड्यांत.

लाट भिंतीवर आपटून कोपऱ्यात साठते,
मध्यावर तिचं शून्य असतं.
हे मला पाठ होतं.
खुर्चीला लावून बघितलं नव्हतं.

हेमांगी आतून आली,
प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन
माझ्या खुर्चीत टेकली.
'बरं वाटतंय इथे,' म्हणाली,
'आज आवाज कमी ठेवलायस ना?'

बटण कालच्याच आकड्यावर होतं.
मी हो म्हणालो,
आणि आणखी एक गड्डा फोडला.