परिशिष्ट चार

विषय क्रमांक सहा: पाणथळीलगत हॉटेल,
चाळीस खोल्या, सौना, गाड्यांसाठी जागा.
आमचं सभागृह म्हणजे जुनी दूधडेअरी;
हीटर तापला की भिंतींना अजून आंबूस वास सुटतो.
मी इतिवृत्त लिहिते. बोरूबहाद्दर, दुसरं काय.

सल्लागार टाल्लिनहून आलेत, बूट कोरडे.
नकाशावर निळी रेघ,
रेघेपासून दोनशे दहा मीटर,
म्हणजे नियमात.

"कुठल्या महिन्यात मोजलंत?"
हे एंडेल कुक्क. बोरू कापतात,
बर्फावरून, छपरांसाठी; तिसरी पिढी.

"ऑगस्टमध्ये."

एंडेल खिशातून दोरी काढतात.
वीतभर म्हणजे दहा मीटर,
दर एप्रिलला पाणी जिथवर चढलं तिथे एक गाठ.
दोरी टेबलावर उलगडत जाते,
निळी रेघ ओलांडते, पार्किंग ओलांडते,
स्वागतकक्षातून आत शिरून
अध्यक्ष मारेट यांच्या कॉफीपाशी थांबते.

कोणीतरी हसलं.
मग वाकून गाठी मोजू लागलं.

"हा दस्तऐवज नव्हे," वकील म्हणाले.
खरंच आहे. सही नाही, शिक्का नाही,
नुसता माशांचा वास.

चार विरुद्ध तीन मतांनी
निर्णय एप्रिलपर्यंत तहकूब,
स्थळपाहणी करावी.
पाण्याला हजर राहण्याची नोटीस कोणी काढायची
ते ठरलं नाही.

सगळे गेल्यावर मी स्टेपलर घेऊन बसले.
लागेना.
शेवटी हातानं लिहिलं:
दोरी, एक. गाठी सतरा.
शेवटची अजून ओली.