ठसा

माहुलगावात, तेलाच्या टाक्यांच्या कुंपणाला लागून
दगड उभा आहे, गटाराकडे थोडा कललेला.
वर चंद्र-सूर्य, काल कोरावेत तसे.
मी ओला कागद चढवला, ब्रशनं ठोकत गेले,
कागद अक्षरांच्या खाचांत बसला.
शाईचा बोळा फिरवला तशा उमटल्या
नऊ ओळी: कुणी महामंडलेश्वर,
एक आगर, चाळीस माड, करमुक्त,
आचंद्रार्क.

मागे पदीबाय कोलंबी सोलत बसलेली.
"काय लिवलंय?"
जमीन दिली म्हणून, म्हटलं.
"आमचा नाव हाय काय त्यात?
फोटोपासाला चालल."

पुढची ओळ मी मोठ्यानं वाचली नाही.
हे दान जो मोडील, त्याच्या आईला
(राजाचा शब्द राखायला
दर वेळी कुणाची तरी आईच लागते)

खाली गाढव असतं. ठरलेलं असतं.
इथं मात्र बशीएवढा खळगा,
बोट घसरेल इतका गुळगुळीत,
आणि त्याच्याखाली आडवी बाई,
शाबूत, बांगड्यांसकट.

"कोयती पाजवतो आम्ही आथं," पदीबाय म्हणाली.
"सासू पाजवाची. तिची सासू."
दुसरा दगड नव्हता का जवळपास?
तिनं एक कोलंबी सोलली,
डोकं टोपलीत टाकलं.
"व्हता की."

कचेरीच्या वहीत एक रकाना असतो: सद्यःस्थिती.
मी लिहिलं, खालचा भाग झिजलेला.
कारण: खारी हवा.