पन्नास कला

"आधी शून्य शोध," तार्सीलियो म्हणाला.
"ही फरशी तुझ्या बापानं ओतली ना?
मग ती कलती असणारच."

कोनमापक मी कोंबीच्या उंबऱ्यावर टेकवला.
बुडबुडा थरथरला, मागं सरकला, थांबला.
दीड अंश.
गॅरेज आंब्याच्या झाडाकडं उतरत होतं
इतकी वर्षं, आम्हाला न सांगता.
खडूनं दारावर लिहिलं: यापुढं प्रत्येक मापातून दीड वजा.

उबेराबात जुलै. लाल धूळ
ग्रीसवर पिठीसाखरेसारखी बसलेली.
मागची दोन्ही चाकं काढलेली, शॉकअब्सॉर्बर काढलेले,
स्प्रिंगची पात मोकळी लोंबत होती.
कसलंच ओझं नसताना पोलाद जिथं येऊन थांबतं
तो तिचा कोन. पुस्तकात लिहिलंय, वीस अंश.

डावीकडं वीस.
उजवीकडं वीस अंश आणि वर पन्नास कला.
पुन्हा मोजलं. चष्मा पुसून पुन्हा.

तार्सीलियोनं पिळाचा दांडा बाहेर ओढून मांडीवर घेतला,
नखानं दाते दाखवले:
आतल्या टोकाला चाळीस, बाहेरच्या टोकाला चव्वेचाळीस.
आत एक दात पुढं, बाहेर एक दात मागं,
की फरक पडतो पन्नास कलांचा,
म्हणजे एका अंशालाही थोडा कमीच.
"चुकून होत नाही हे, जांदीरा.
कुणीतरी बसून, विचार करून केलंय."

चिंधीनं पात पुसली. काळ्या थराखाली
छिन्नीचे दोन ओरखडे, शेजारी शेजारी.

मग आठवला उसाचा चरक.
उजव्या दारात बोल्टनं आवळलेला, नुसतं बीड,
त्यावर उसाच्या मोळ्या, बर्फाची पेटी,
आणि पायरीवर उभी राहून दांडा फिरवणारी आई.
शनिवारच्या बाजारात कोंबी ओळंब्यात उभी असायची.
वाकडी दिसायची ती घरी, रिकामी झाल्यावर.
आम्ही पोरं हसायचो, गाडीची मान आखडली म्हणून,
आणि बाबा, वाल्देमीरो, कधी काही बोलले नाहीत.

चरक भंगारात गेला त्यालाही अकरा वर्षं झाली.

"पुस्तकाचं ठेवायचं की त्याचं?"
मी उत्तर दिलं नाही. दांडा आत सरकवला.
एक दात इकडं, एक दात तिकडं.
दीड वजा करून: वीस.
जॅकनं पात वर, आणखी वर, खुंटीपलीकडं,
श्वास धरून, कारण सुटली तर मनगट घेऊन जाते.

संध्याकाळी गाडी चाकांवर उतरवली.
सरळ. अगदी दोरी लावल्यासारखी.

झुलेइदी, माझी आई, हात पुसत बाहेर आली,
मागच्या काचेसमोर उभी राहिली,
आणि सवयीनं मान डावीकडं कलवली.
थोडा वेळ तशीच.
मग हळूच सरळ केली.

"ही कुणाची?" तिनं विचारलं.

मी नट आवळत होते.
चार झाले होते, पाचवा हातात होता.