साडेसात टक्के

डेटनच्या लायब्ररीत, मागच्या खोलीत,
मार्चमधला मंगळवार. बाहेर बर्फाचा चिखल.
टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या डोलोरेस हॅगर्टी
म्हाताऱ्यांचे टॅक्सचे फॉर्म फुकट भरून देतात.
माझा नंबर अकरावा.
मांडीवर नलूचा शेवयांचा डबा,
आत पावत्या.

एकतीस वर्षं मी गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात होतो.
पावती कुठल्या दातावर फाटते,
शाई किती उन्हाळ्यांत उडते, मला विचारा.
उडणाऱ्यांच्या झेरॉक्स काढून ठेवल्यात.

बाई एकेक उलगडतात.
खालीवर होणारा पलंग. धरा.
हवेची गादी, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून.
झाल्याच. तरी धरा.
ऑक्सिजनचं यंत्र, रात्रभर घुरघुरणारं.
मी त्याला भाडेकरू म्हणायचो. नलू म्हणायची, जावई:
घोरतो, वीज खातो, उठवायची सोय नाही.
डॉक्टरची चिठ्ठी आहे? आहे.
विम्याने किती दिले? तेवढे वजा.

मग दारापुढचा लाकडी उतार, व्हीलचेअरसाठी.
"याने घराची किंमत वाढली का?"
बाई नियमच विचारत होत्या.
वाढली असेल तर तेवढी रक्कम कापायची,
नसेल तर सगळी धरायची.
मी म्हटलं, शेजारचा टायरेल त्यावरून स्केटबोर्ड घेऊन उतरतो.
घरं विकणारा माणूस म्हणाला, आधी हे उखडून टाका.
"म्हणजे नाही," त्यांनी लिहिलं.
मी अजून उखडलेला नाही.

लाटण्याची पावती नव्हती.
पलंगाच्या लोखंडी कठड्यावर ती लाटणं आपटायची.
एकदा: पाणी. दोनदा: कूस.
तीनदा म्हणजे काही नाही, नुसतं ये.
विचारून पाहिलं. बाई हसल्या नाहीत.
"दुखण्यासाठीच विकत घेतलं होतं?"
नाही. सांगलीहून आणलेलं, ब्याऐंशी साली, पोळ्यांसाठी.
"मग नाही धरता येत."

उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांपर्यंतचं दुखणं
ज्याचं त्याने सोसायचं,
त्याच्या वरचं सरकार मोजतं.
साडेसाती म्हटली की आमच्याकडे शनीला तेल घालतात.
इथे बाईंनी कॅल्क्युलेटरची बटणं दाबली,
पुन्हा दाबली,
आणि चष्मा काढला.

"एवढं सगळं धरूनही
सगळ्यांना सरसकट मिळते ती सूटच जास्त भरते.
या पावत्यांचा उपयोग नाही. सॉरी."
दहा महिन्यांचं तारीखवार लावलेलं दुखणं
त्यांनी टेबलावर ठोकून सारखं केलं
आणि डब्यात परत ठेवलं. झाकण मात्र लागेना.
मला राग यायला हवा होता.
हिशेब बरोबर होता, म्हणून आला नाही.

मग स्क्रीनवरचा एक चौकोन.
"ऑक्टोबरात गेल्या ना त्या?
मग या रिटर्नमध्ये तुम्ही विवाहितच. दोघांचं मिळून एक.
वर्ष मधेच तुटलं तरी कायदा ते पुरं धरतो."
नलूच्या नावाशेजारी तारीख आली.
तिच्या सहीच्या रेघेवर मला लिहायला सांगितलं:
मागे राहिलेला जोडीदार.
पंचेचाळीस वर्षांत तिच्या जागी
मी कधी सही केली नव्हती.
अक्षर वाकडं आलं. चालतं, म्हणाल्या.

"पुढच्या वर्षी मात्र एकटे,"
हे त्यांनी हळू सांगितलं,
आणि मग मोठ्याने: "नंबर बारा."

घरी आलो तर टायरेल उभा, हात खिशात, बोर्ड काखेत.
"मिस्टर दामले, हे खरंच उखडणार?"
बाजूला तीन पायऱ्या आहेत, धडधाकट.
मी डबा घेऊन उतारावरून चढत होतो.
म्हटलं, एवढं वर्ष जाऊ दे.