खाल्लेलं मीठ

पहाटे तीनला ओलेसुंद झोपलेलं असतं,
मी आणि मीठ टाकणारा ट्रक, एवढेच जागे.
तो पुढे, मी मागे.
त्याच्या शेपटीतून उडणारे खडे
माझ्या मोटरसायकलच्या पोटावर वाजतात,
सुपात तांदूळ पाखडावेत तसे.

बेकरीत मी मीठ तोलून घालते,
किलोला अठरा ग्रॅम, चिमूटही वर नाही.
नगरपालिकेकडे तराजू नसावा.

एकोणीस हिवाळे झाले.
दर शनिवारी बादली, कोमट पाणी,
दात पडलेला ब्रश, एइविंडच्या जुन्या बनियनचे बोळे
(एइविंड गेला नाही कुठे, वर फुटबॉल बघतोय,
बनियन मात्र न विचारता घेते),
साखळीला तेल, नळ्यांना मेण,
गुडघ्याखाली दुमडलेलं पोतं
आणि नाक इतकं गार की आपलं वाटेना.

शेजारचा तोर्लाइफ कुंपणावरून हिशेब मांडतो:
"तुझे चार तास, साबण, मेणाचा डबा,
वर पाठीला चोळायचं मलम.
धक्क्यावर ती सिन्ने बसलीय ना,
बावीसशे क्रोनर घेते, नवी करून देते."
नवी नकोय मला.
नवी होती तेव्हा ती माझी नव्हती,
एका दंतवैद्याची होती.

पण यंदा ऑक्टोबरात मनगट धरलं.
कणीक मळून मळून धरतंच कधीतरी.
दिली नेऊन.
पायी परत येताना
हात कुठे ठेवावेत कळेना.

तीन दिवसांनी सिन्नेनं पडदा सरकवला.
वय पंचविशीचं, कानामागे पेन्सिल,
आणि तिच्या पाठीशी एक निळी मोटरसायकल.
निळी!
इतकी वर्षं तिला मी करडी म्हणत होते,
विम्याच्या कागदावरसुद्धा.

मग ती वाकली, टॉर्च मारला.
मागच्या ब्रेकची लोखंडी नळी,
चाकाकडच्या बाजूनं
पापुद्र्यासारखी सुटत आलेली.
"अजून एक उतार," म्हणाली, "फार तर दोन."
दर शनिवारी माझं फडकं त्या नळीवरून फिरलं होतं.
फिरलं होतं, म्हणजे फिरलंच होतं.
रोजच्या माणसाच्या तोंडाकडे आपण बघतो का कधी?
(त्या रात्री एइविंडकडे नीट बघितलं.
डाव्या भुवईत एक पांढरा केस. कधीचा, कोण जाणे.)

बिल घरी येऊन वाचलं, चष्मा लावून.
मीठ, पुढच्या मडगार्डखाली, दीड तास.
डांबर, पाऊण तास.
नळी, नवी, वेगळे सहाशे.
आणि शेवटी, पेन्सिलीनं:
डाव्या मुठीच्या खाचांत वाळलेली कणीक.
काढली नाही. पकड चांगली बसतेय.
पैसे नाहीत.

बावीसशे जास्तच आहेत, हे मी आजही म्हणते.
तोर्लाइफसमोर तर मुद्दाम म्हणते.
पण परवा रायच्या पिठाचा एक गरम पाव घेऊन
धक्क्यावर गेले.
म्हटलं, खालचं बघायचं कसं, ते दाखव.
तिनं मला चाकांच्या फळीवर उताणं निजवलं,
आत सरकवलं, हातात टॉर्च दिला.
मी सवयीनं फडकं काढलं खिशातून.
"हात नको," सिन्ने वरून म्हणाली,
तोंडात पाव होता तिच्या,
"आधी नुसतं बघ."

आज पुन्हा तीन वाजता.
ट्रक पुढे, मी मागे, सुपात तांदूळ.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
हिनं तर मणभर खाल्लंय.
पुलाच्या उतारावर
ब्रेकवर हलकेच पाय ठेवते.
जागते.