सत्त्याहत्तर हर्ट्‌झ

कुताइसीत रिओनी नदी पांढऱ्या धोंड्यांवरून उतरते,
तो आवाज त्सियालाबाईंच्या खोलीत बारा महिने असतो.
मी गेलो तेव्हा त्या मॉनिटरकडे पाठ करून बसल्या होत्या,
कपाळावर ओल्या रुमालाची घडी.

"तो थरथरतो, ओतारी."
"नाही थरथरत, बाई. मी बघतोय ना."
"तू बघतोयस म्हणूनच दिसत नाहीये."

मी हसलो. एकोणीस वर्षं दुरुस्त्या करणाऱ्याला
असं हसायची सवय लागते.

काचेचा, मोठ्या पोटाचा जुना मॉनिटर.
डोंगराकडच्या म्हाताऱ्यांनी कधीकाळी टेपवर गाऊन ठेवलेलं
त्या यावर तीन आवाजांत उतरवतात. म्हातारे सगळे गेले.
कुणा भाच्यानं बाराशे ऐंशी बाय एक हजार चोवीस लावून दिलेलं,
साठ हर्ट्‌झवर. "जास्त मावतं, मावशी."
मावायचं खरं,
पण गोल स्वर पसरट दिसायचे,
जणू कुणी त्यांच्यावर बसून उठलंय.

मग बाईंनी मला शिकवलं.
"नदीकडे बघ. पडद्याकडे नको.
पण तो तिथं आहे हे विसरूही नकोस."
मी नदीकडे बघत राहिलो
आणि कानशिलाजवळ, डोळ्याच्या अगदी कडेला,
काहीतरी फडफडलं,
काडेपेटीत कोंडलेल्या पाकोळीसारखं.

चार वर्षं.
चार वर्षं हे यांच्या डोक्यात चाललंय
आणि डॉक्टर रक्तदाबाच्या गोळ्या वाढवतोय.

पाठीमागं, धुळीखाली, स्टिकर:
आडवी वारंवारता सत्तर किलोहर्ट्‌झपर्यंत, पुढे नाही.
कॉम्प्युटरच्या यादीत मात्र साठ, नुसते साठ.
म्हणून हातानं लिहायला बसलो.
रुंदी अकराशे बावन्न. उंची आठशे चौसष्ट.
वर छत्तीस ओळी न दिसणाऱ्या.
चित्राभोवती अशी जागा सोडावीच लागते,
पुढे ओसरी, मागे पडवी;
किरण तिथून मागे फिरतो
आणि फिरताना काही लिहीत नाही.
"श्वास घेतो," बाई म्हणाल्या.
मी म्हटलं, तसंच समजा.

ऐंशी टाकले. पडदा काळा.
आत रिले खट्‌ वाजला, बारीक शीळ आली,
आणि काळ्या काचेत आम्ही दोघं दिसू लागलो:
त्या रुमाल धरून, मी वाकून, मागे खिडकी.
पंधरा सेकंद यंत्र वाट बघतं.
कुणी "राहू दे" म्हटलं नाही
तर मुकाट्यानं जुन्यावर परततं.
"बरी रीत आहे," बाई म्हणाल्या.
"आमच्या नवऱ्याकडे नव्हती."

अठ्ठ्याहत्तर. पुन्हा काळोख, पुन्हा आम्ही.
मी मनात आकडे मोजत होतो, त्या ओठांनी.
सत्त्याहत्तर.
खट्‌.
आणि पान उजळलं, स्वर गोल.
मी "राहू दे" दाबलं तेव्हा दोन सेकंद उरले होते.

बाई नदीकडे बघत बसल्या. बराच वेळ.
मला वाटलं, जमलं नाही.
मग रुमाल खुर्चीच्या पाठीवर टाकून
त्यांनी टेप मागे घेतली
आणि खालच्या आवाजाची एक चूक सुधारली,
मी तिथं नसल्यासारखी.

आकडे कागदावर लिहून मॉनिटरच्या कुशीला चिकटवले,
पुन्हा भाचा आला तर असावेत.
वीस लारी मिळाले, वर आंबट आलुबुखाऱ्याच्या चटणीची बाटली.

दुकानात परतलो. कुलूप काढलं, दिवा लावला,
टेबलावर कुणाचा तरी उघडा लॅपटॉप.
स्क्रू शोधायला मान खाली घातली
आणि वर, कडेला, माझीच ट्यूबलाइट फडफडत होती.
अकरा वर्षं मी तिच्याखाली बसतोय.
बायको म्हणायची, इथं बसलं की डोकं चढतं.
मी काय म्हणायचो ते आठवलं.

दिवा मालवला.
लॅपटॉप उचलून दाराशी, उजेडात नेला.
स्क्रू अजून सापडलेला नाही.